घाटात उघडलेलं बॉनेट : जुन्या गाड्यांवर प्रेम करणाऱ्यांचा समुदाय कसा बदलला?



मागे एकदा आठवीच्या वर्गात मी मुलांना एक साधा तक्ता भरायला दिला होता. 'मी आणि माझ्या घरचे लोक कोणकोणत्या समुदायांचे भाग आहोत?' उत्तरं अपेक्षेप्रमाणेच आली. आमची सोसायटी, गणपती मंडळ, गाव, भजनी मंडळ, क्रिकेटची टीम. एका मुलाने मात्र लिहिलं होतं, 'आजोबांचा फियाटवाल्यांचा ग्रुप'. वर्ग हसला. एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, सारखी गाडी असली म्हणून काय समाज होतो का? मग आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या ॲक्टिवावाल्यांचा पण एक समाज!"

प्रश्न चांगला होता आणि माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. समुदाय म्हणजे काय हे आपण पुस्तकात दोन ओळींत सांगतो: समान हित, समान भावना, आपलेपणा. पण तो आपलेपणा येतो कुठून आणि काळाबरोबर त्याचं काय होतं, हे त्या दोन ओळींतून मुलांना कळत नाही. जुन्या गाड्यांच्या उदाहरणातून मात्र ते फार छान दिसतं. शिवाय हा विषय मला घरातूनच मिळालेला आहे. माझ्या बाबांकडे १९८१ सालची प्रीमिअर पद्मिनी होती. होती म्हणजे आजही आहे. तिचं पुढे काय करायचं, यावर आमच्या घरात सध्या मतभेद आहेत. त्याकडे नंतर येते.

आधी थोडं मागे जाऊ. जुनी गाडी जपणाऱ्यांचे क्लब ही कल्पना मूळ इंग्लंडमधली. १८९६ साली तिथे कायदा बदलला आणि मोटारींची वेगमर्यादा ताशी ४ मैलांवरून १४ मैलांवर गेली. त्या आनंदात १४ नोव्हेंबर १८९६ रोजी लोक लंडनहून ब्रायटनपर्यंत गाड्या घेऊन गेले. १९२७ मध्ये त्या फेरीची आठवण म्हणून पुन्हा जुन्या गाड्या काढल्या गेल्या. आजही ती फेरी निघते आणि तिच्यात १९०५ च्या आधी बनलेल्याच गाड्या घेतात. त्यातून १९३० साली 'व्हेटरन कार क्लब' उभा राहिला. चार वर्षांनी 'व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब' निघाला. हा दुसरा क्लब काढणारे तरुण फार श्रीमंत नव्हते, हे मला महत्त्वाचं वाटतं. नवी गाडी परवडत नव्हती, जुनी स्वस्तात मिळत होती आणि त्यांच्या मते ती जास्त चांगलीही होती. म्हणजे आज जो छंद पैसेवाल्यांचा वाटतो, त्याच्या एका शाखेची सुरुवात खिशाला परवडण्यातून झाली.

आपल्याकडे गोष्ट उलट्या टोकाने सुरू झाली. इथे जुन्या गाड्या म्हणजे संस्थानिकांच्या गाड्या. संस्थानं विलीन झाली, १९७१ मध्ये तनखे बंद झाले आणि अनेक राजवाड्यांतल्या गाड्या विकल्या गेल्या. काही परदेशी गेल्या, काही हौशी माणसांनी गोठ्यातून आणि कोंबड्यांच्या खुराड्यातून सोडवून आणल्या. दिल्लीत 'स्टेट्समन' वृत्तपत्राची जुन्या गाड्यांची फेरी १९६४ पासूनची. मुंबईत हॉर्निमन सर्कलला अशा गाड्या जमतात तेव्हा गर्दी लोटते. या जगात गाडी असणारे मोजके आणि बघणारे हजारो. मालक दोरीच्या आत, आपण दोरीच्या बाहेर.

तरी दोरीबाहेरच्या माणसांचाही एक समुदाय असू शकतो. कोल्हापूरकरांना हे सांगायला नको. छत्रपतींची १९३० च्या दशकातली मेबॅक गाडी शाही दसऱ्याला दसरा चौकात येते, तेव्हा जमलेल्यांपैकी एकालाही तिचं स्टिअरिंग कधी हातात मिळणार नसतं. पण गाडी आली की ती सगळ्यांचीच असते. मालकी एकाची आणि आपलेपणा गावाचा, असं हे दुर्मीळ उदाहरण आहे. मुलांना समुदाय शिकवताना जरूर वापरा.

आता फियाटकडे येते, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध मेबॅकशी नाही, फियाटशी आहे.

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या तयार होऊ लागल्या. १९५० च्या दशकातली जी गोल, फुगीर अंगाची गाडी होती तिला आपल्या लोकांनी नाव ठेवलं 'डुक्कर फियाट'. तिची पुढची दारं उलटी उघडायची. मग एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट अशी मॉडेलं आली. १९७० च्या दशकात फियाटचं नाव गेलं, आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' हे नाव आलं. लोक मात्र शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला, त्यामुळे पुढे तिघं आणि मांडीवर एक पोर असे आरामात बसायचे. (आरामात हे बाबांचं मत. मांडीवरचं पोर मी होते.)

त्या काळी गाडी घेणं म्हणजे नंबर लावणं. देशात मोटारी बनवायची परवानगी मोजक्या कंपन्यांना होती. कोलकात्याजवळ हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बेसेडर, मुंबईत फियाट, मद्रासला स्टँडर्ड. पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. बाबांनी आमची गाडी १९८६ मध्ये जुनीच घेतली, कारण नव्याची वाट बघणं त्यांना जमलं नसतं. दुसऱ्याने वापरलेली गाडी घेतली याची तेव्हा कुणाला लाज वाटायची नाही. उलट पेढे वाटले जायचे.

त्या वेळी 'फियाटप्रेमी' असा कुणी प्राणी नव्हता. सगळ्यांकडे जे आहे त्याचे प्रेमी कसे असणार? पण समुदाय होता आणि तो गरजेतून तयार झाला होता. कसा, ते सांगते.

मे महिन्यात आम्ही गावी जायचो तेव्हा कसारा घाटात गाडी हमखास बंद पडायची. या गाडीचा पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटून असतो. चढावर इंजिन तापलं की पंपातलं आणि नळीतलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. पंप द्रव ओढण्यासाठी बनलेला, वाफ आली की तो नुसताच हलत राहतो आणि कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचत नाही. यावर उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. विज्ञानाच्या शिक्षकांनी उत्कलन आणि बाष्पीभवन शिकवताना हे उदाहरण घ्यावं, मुलं विसरणार नाहीत.

बॉनेट उघडलं की मागून येणारी प्रत्येक फियाट थांबायची. ओळखदेख नाही. "पाणी आहे का? फडकं देऊ?" एवढंच विचारायचे. कुणी रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं, कुणी आपला जादा फॅनबेल्ट काढून द्यायचं. आई डब्यातल्या पुऱ्या वाटायची. एकदा एका टॅक्सीवाल्या भाऊंनी बाबांना पॉइंट घासून दिले आणि पैसे घेतले नाहीत. बाबा कारकून, ते टॅक्सीवाले आणि थांबलेल्या तिसऱ्या गाडीत एक डॉक्टर. त्या दहा मिनिटांत तिघांमध्ये काहीच फरक नव्हता. गाडी बिघडणं हीच सभासदत्वाची अट होती आणि ती अट सगळेच पूर्ण करायचे!

मी त्या दिवसांचं फार कौतुक करू नये हेही मला कळतं. चांगली गाडी मिळत नव्हती म्हणून ही माणुसकी दिसत होती, असंही कुणी म्हणू शकेल. आणि गाडी असणारी माणसंच मुळात थोडी. पायी आणि एसटीने जाणाऱ्यांना या समुदायाचा काही उपयोग नव्हता.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हळूहळू चित्र बदललं. नवी गाडी घाटात थांबत नाही. जी थांबत नाही तिच्यासाठी कुणी थांबतही नाही. साधारण २००० च्या सुमारास पद्मिनी बनणं बंद झालं, ॲम्बेसेडर २०१४ मध्ये. मधल्या काळात फियाट असणं कमीपणाचं झालं. आमच्याच सोसायटीत "काका, भंगार कधी काढताय?" असं विचारायचे. हजारो गाड्या कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे गेल्या. मी स्वतः कॉलेजात असताना बाबांना कोपऱ्यावर सोडायला सांगायचे, गेटपर्यंत नको. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात मात्र पद्मिनी टिकली होती. टॅक्सी २० वर्षांपेक्षा जास्त चालवता येत नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून एकही पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावर राहिली नाही. त्या आठवड्यात सगळीकडे फोटो, आठवणी, हळहळ. टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने एखादी तरी गाडी जपून ठेवा म्हणून मागणी केली होती. ज्यांनी या गाडीत बसून आयुष्यभर गिऱ्हाइकं नेली, त्यांचा शब्द आणि ज्यांनी फक्त फोटो टाकले त्यांचा शब्द, यात जड कुठला ठरला ते तुम्हीच ठरवा.

तर आता आजचा समुदाय. गेल्या काही वर्षांत फियाटला पुन्हा मान आला. त्या मुलाच्या आजोबांच्या ग्रुपमध्ये बाबाही आहेत, हे मला त्या तक्त्यामुळेच कळलं. ठाणे, मुंबई, पुणे, नाशिक इथली माणसं, महिन्यातून एका रविवारी पहाटे गाड्या घेऊन जमतात, मिसळ खातात, परत येतात. मी दोनतीनदा गेले आहे. तिथे मला तीन गोष्टी जाणवल्या, त्या जमेल तशा सांगते.

एक तर गरज पूर्ण संपलेली नाही, तिचं रूप बदललंय. दाराच्या कडेचं रबर, म्हणजे बीडिंग, आता दुकानात मिळत नाही. साचा करून बनवून घ्यावं लागतं आणि दोनचार नगांसाठी कारखानदार साचा करत नाही. मग ग्रुपवर यादी निघते, पन्नास जणांची नावं झाली की ऑर्डर जाते. एकट्याने ही गाडी आता चालवताच येत नाही! नवी काळजी पेट्रोलची. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा अशा इंधनासाठी बनलेलेच नव्हते. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे फार दिवस उभ्या असलेल्या गाडीची टाकी आतून गंजायचा धोका वाढतो. कुठली नळी टिकते, गाडी किती दिवसांनी चालू करावी, यावर ग्रुपमध्ये रात्री बारापर्यंत चर्चा चालते. घाटातल्या ओल्या फडक्याचंच हे नवं रूप म्हणायचं.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. पूर्वी गाडी बिघडली की तुम्ही आत होता. आता गाडी बिनचूक असली की तुम्ही आत. बंपर मूळचा आहे का, रंग कंपनीच्या तक्त्यातला आहे का, आरसे त्याच सालचे आहेत का, यावर माणसाची पत ठरते. एका रविवारी एक पंचविशीतला मुलगा आपली पद्मिनी घेऊन आला. त्याने तिला नव्या सीट आणि एसी बसवला होता, कारण तो तिच्यातून रोज कामावर जातो. दोघातिघांनी त्याला तोंडावर सुनावलं, "गाडीची वाट लावलीस." तो पुढच्या वेळी आला नाही. माझ्या मते त्या मैदानातली सगळ्यात जिवंत फियाट त्याचीच होती. पण बाबा म्हणतात, "सगळ्यांनीच असं केलं तर मूळ गाडी कशी होती हे पुढे कुणाला कळणारच नाही." त्यांचंही चूक नाही. शंभर गाड्यांतल्या काही तरी अस्सल राहिल्याच पाहिजेत. प्रश्न बोलण्याच्या पद्धतीचा आहे.

या भांडणात पैशानेही तेल ओतलं. जगात जुनी गाडी ही आता गुंतवणूक झालीय. २०२२ मध्ये एक मर्सिडीज ३०० एसएलआर साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली. आपल्या फियाटचा त्या आकड्याशी काही संबंध नाही, पण वारा इथपर्यंत लागतो. जी डुक्कर फियाट एके काळी कुणी फुकट नेत नव्हतं, तिच्यासाठी आता दलाल खेड्यापाड्यांत फिरतात. पूर्वी लोक जादा फॅनबेल्ट देऊन टाकायचे. आता ग्रुपवर जुन्या हेडलाइटचा फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'किंमत पर्सनलवर'.

कायद्यानेही रेषा आखली आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात असलेली दुचाकी किंवा मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. फी २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अट अशी की ती रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवायची नाही. प्रदर्शन, फेरी, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यासाठीच बाहेर काढायची. गंमत बघा, १९७४ ची पद्मिनी कायद्याने आता व्हिंटेज होऊ शकते. जी रोज धावण्यासाठी जन्मली तिला मान मिळणार, पण रोज न धावण्याच्या अटीवर. आणि १५ ते ५० वर्षांच्या मधल्या गाड्यांचं काय? त्या नव्या नाहीत आणि व्हिंटेजही नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये अशा मोटारींच्या फेरनोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५,००० वर गेली, वर तंदुरुस्तीची तपासणी आणि पर्यावरण कर. धूर कमी व्हावा हा हेतू योग्यच आहे, शाळेत आपणच मुलांना ते शिकवतो. पण आमच्या १९८१ च्या गाडीला व्हिंटेज व्हायला अजून काही वर्षं आहेत आणि बाबांचं वय ७८. भाऊ म्हणतो विकून टाका, आता चांगले पैसे येतायत. बाबा काही बोलत नाहीत, गाडी पुसत राहतात.

तिसरी गोष्ट मला सर्वात जास्त लागली. ती म्हणजे मेकॅनिक. बाबांची गाडी तीस वर्षं एकाच माणसाने सांभाळली, बाबा त्यांना 'उस्ताद' म्हणतात. बंद बॉनेटवर कान ठेवून ते सांगतात कुठला व्हॉल्व्ह वाजतोय. नव्या गाड्यांना कार्बोरेटर नाही, पॉइंट नाहीत, त्यामुळे ही विद्या शिकायला कुणी येत नाही. त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. रविवारी मैदानात गाड्या चकाकत असतात, मालकांना ढाली मिळतात. उस्ताद मात्र आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत गाड्या ठीक करून झोपलेले असतात, किंवा आले तर बाजूला चहाच्या टपरीवर उभे. कुणी त्यांना मुद्दाम दूर ठेवलेलं नाही. बोलवायचं कुणाला सुचलेलंच नाही. गरजेच्या काळात ते मधोमध होते, हौसेच्या काळात कडेला गेले. वर्गातल्या त्या मुलीच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर इथे आहे. सारख्या वस्तू असल्याने समुदाय होत नाही. एकमेकांवाचून अडतं, तेव्हा तो होतो. आणि कुणावाचून अडतं हे विसरलं की तो आतून बदलतो, बाहेरून तसाच दिसला तरी.

मी उस्तादांना शाळेत बोलावलं. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन बाबांची गाडी मैदानात उभी केली. त्यांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि मुलांना पॉइंट दाखवले. दोन टोकांमधली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी ठेवायची असते, तरच ठिणगी वेळेवर पडते. त्यासाठी मापाची पट्टी असते, पण त्यांनी खिशातून जुनं पोस्टकार्ड काढलं, त्याचा तुकडा फटीत घातला आणि स्क्रू आवळला. "घाटात पट्टी कुठून आणणार?" म्हणाले. एकेका मुलाला तो तुकडा ओढून बघायला दिला. ना सैल, ना घट्ट. ॲक्टिवाचं उदाहरण देणारी मुलगी तीनदा रांगेत लागली.

शेवटी तक्तावाल्या मुलाने विचारलं, "काका, तुम्ही पण आजोबांच्या ग्रुपमध्ये आहात?"

"ग्रुपमध्ये नाही रे," उस्ताद म्हणाले, "पण माझा नंबर सगळ्यांकडे आहे."

त्या रविवारी बाबांनी ग्रुपच्या ॲडमिनना फोन केला. उस्ताद आता ग्रुपमध्ये आहेत. ते काही लिहीत नाहीत, कुणाच्या इंजिनाचा आवाज रेकॉर्ड होऊन आला की उत्तरादाखल बोलून पाठवतात. मी ते सगळे आवाज साठवून ठेवायला लागले आहे. तुमच्या गावात असे कुणी असतील आणि त्यांना वर्गात बोलवणार असाल, तर मोबाइलवर रेकॉर्डिंग करायला एक मूल आधीच नेमून ठेवा. आमची पहिली दहा मिनिटं राहून गेली.